एका पलंगावर दोन गाद्या

माझे बाबा आयुष्याची शेवटची अकरा वर्षं फळीवर झोपले. यवतमाळच्या आमच्या घरात मधल्या खोलीत सागवानी दिवाण होता. त्यावर एक सतरंजी आणि वर धुवट चादर, एवढंच त्यांचं अंथरूण. १९९० साली त्यांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी गादी बंद करायला सांगितलं. कंबरदुखीवर तेव्हा सर्रास हेच सांगायचे, आणि बाबा सांगितलेलं तंतोतंत पाळणारे. शेजारच्या खोलीत कापसाच्या सात गाद्यांची थप्पी भिंतीला लागून असायची. पाहुणे आले की त्या अंथरल्या जायच्या. पाहुणे गादीवर आणि घरधनी फळीवर.

बाबा कुशीवर झोपायचे. उताणं झोपलं की त्यांना घुसमटल्यासारखं व्हायचं. त्यामुळे सगळा भार उजव्या खांद्यावर आणि उजव्या खुब्यावर. खुब्याच्या हाडावर रुपयाएवढा काळा घट्टा पडला होता. आई रात्री हळूच तिथे चौघडी केलेला टॉवेल सरकवायची. पहाटे तो पायाशी गोळा होऊन पडलेला असायचा. २००१ साली बाबा गेले. फळीने कंबर बरी झाली असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि फळी सोडा असं आम्हीही कुणी म्हटलं नाही.

मागच्या वर्षी आमच्या नागपूरच्या घरासाठी गादी घ्यायची म्हणून मी वाचायला बसले, तेव्हा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २००३ सालचा एक अभ्यास सापडला. स्पेनमधल्या संशोधकांनी जुनी कंबरदुखी असलेली ३१३ माणसं घेतली. काहींना कठीण गादी दिली, काहींना मध्यम कठीण, आणि ९० दिवस दोन्ही गटांचं दुखणं मोजलं. अंथरुणात पडल्यावरचं दुखणं, सकाळी उठतानाचं दुखणं, दिवसभराची अडचण, या सगळ्यात मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला होता. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मोबाइल खाली ठेवून मी किती तरी वेळ ओट्याशी नुसती उभी होते.

म्हणून या वेळी गादी घाईने घ्यायची नाही, एवढं मी ठरवलं.

खरं तर आमच्याकडे गादी ही विकत आणायची वस्तूच नव्हती. घरची कपाशी, जिनातून सरकी काढून आणलेली रुई, बाजारातून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं गादीपाट, आणि पाऊस सरला की दारात येणारे पिंजारीचाचा. अंगणात चटई टाकून ते बसायचे. पिंजणाची तात रुईच्या ढिगात धरून दांडक्याने हाणली की टणंग असा आवाज घुमायचा आणि रुई ढगासारखी वर यायची. एका गादीला आठ-दहा किलो रुई लागे. पण रुई भरायला घेण्याआधी चाचांचा एक प्रश्न ठरलेला असायचा: "झोपनार कोन हिच्यावर?"

आजीची गादी ते डोक्याकडे जाड भरायचे, कारण तिला दमा होता. बाळंतिणीची पातळ आणि घट्ट. आमच्या थोराड काकांच्या गादीत मधल्या भागात मूठ-मूठ रुई जास्त कोंबायचे आणि तिथे दाभणाने जवळजवळ टाके घालायचे. बाकी पोरासोरांच्या सगळ्या एकसारख्या. दोन-तीन वर्षांत रुई बसायची, ज्याच्या-त्याच्या खुब्याचा खळगा गादीत तयार व्हायचा, मग पुन्हा उसवा, पुन्हा पिंजा. आमच्या घरातली गादी अशी माणसाबरोबर बदलत राहायची. बाबांची फळी तेवढी अकरा वर्षांत तसूभरही बदलली नाही.

लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा इथे काथ्याची गादी होती. काथ्या कडक असतो, हवा खेळती ठेवतो, पण कूलरच्या दिवसांत खोलीत जो दमटपणा भरतो त्याने गादी आतून सर्दावते, आणि मधोमध एकदा झोळ पडला की पिंजून घ्यायची सोय नाही. वीस वर्षांत तशा दोन गाद्या झाल्या. मग २०२१ साली लेकीने पुण्याहून मेमरी फोमची गादी पाठवली. खोक्यात गुंडाळून आलेली, उघडल्यावर डोळ्यांदेखत फुगत गेलेली. तिने मायेने पाठवली होती. मीही पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कौतुकाने दाखवली.

मेमरी फोम १९६६ साली नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी बनवला, विमानातल्या आसनांवर माणूस धक्क्यातून वाचावा म्हणून. त्याचा गुणधर्मच असा की ऊब मिळाली की तो मऊ पडतो आणि अंगाभोवती साच्यासारखा बसतो, थंडीत ताठरतो. आता ही वस्तू नागपूरच्या मे महिन्यात आणून ठेवा. बाहेर पंचेचाळीस, खोलीत कूलर, आणि गादीवर तळवा दाबला की तो खोल आत रुते. नवरा जिथे पाठ टेकवी तिथे रुतून बसे. कूस बदलायची तर आधी त्या खळग्यातून वर यावं लागे, आणि तेवढ्यात झोपमोड. पाठीखाली घामाचा पाट. जानेवारीत मात्र तीच गादी पाटासारखी टणक. मे संपायच्या आत आम्ही परत घ्यायला सांगितलं तर त्या कंपनीने मूळ खोकं मागितलं, जे केव्हाच रद्दीत गेलं होतं. लेकीला काहीच सांगितलं नाही. तीन वर्षं त्याच गादीवर काढली.

त्या तीन वर्षांत माझा डावा खांदा धरला आणि नवऱ्याची कंबर. तेव्हा कुठे मला चाचांचा प्रश्न आठवला.

झोपणार कोण? सव्वीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले तो माणूस कसा झोपतो, हे मला धड सांगता येईना! घोरतो म्हणजे उताणा झोपत असणार, एवढाच माझा अंदाज. मग मी पंधरा दिवस वहीच ठेवली. रात्री पाण्याला उठले की बघायचं, पहाटे उठले की बघायचं. नवरा खरंच उताणा, हात छातीवर, रात्रभर जवळजवळ तसाच. वजन ब्याण्णव किलो, आणि त्यातलं बरंचसं पोट-कंबरेशी. मी छप्पन किलोची, कुशीवर झोपणारी, बहुतेक डाव्याच. दुपारच्या जेवणानंतरची वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणं हे शब्दातच आहे. माझी सगळी रात्रच वामकुक्षी निघाली, आणि दुखणारा खांदाही डावाच. लेक सुट्टीला येते ती पालथी झोपते, एक पाय पोटाशी दुमडून. आणि सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले, रात्री तीनदा उठणाऱ्या. त्या झोपतात कशा यापेक्षा उठतात कशा हाच तिथे खरा प्रश्न होता.

कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा गादीत थोडा आत जायला हवा, नाहीतर मणका मधोमध लोंबतो आणि हाडावर भार येतो. बाबांचा घट्टा त्याचाच. उताण्याला कंबरेखालच्या पोकळीत आधार हवा, पण बसायचा भाग खाली रुतता कामा नये. पालथ्याला गादी सगळ्यात घट्ट लागते, कारण पोट खाली गेलं की कंबर धनुष्यासारखी उलटी वाकते. हे सगळं कळायला फार वाचावं लागत नाही. बाजेवर झोपलेल्या माणसाकडे बाजूने एकदा नीट पाहिलं तरी कळतं.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, एका दुकानात गेलो. तिथला मुलगा चांगला होता, पण त्याचा पहिला प्रश्न "साइज काय?" आणि दुसरा "बजेट काय?" मी त्याला वही दाखवली. त्याने ती खरंच वाचली आणि आत जाऊन गादीचा एक कापलेला तुकडा घेऊन आला, केकचा काप असावा तसा. वर सुती-व्हिस्कोसचं रजईसारखं शिवलेलं कापड. त्याखाली इंचभर मऊ फोम. मग इंचभर पिवळसर लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम. त्याखाली स्प्रिंगा, प्रत्येक आपापल्या पांढऱ्या कापडी पिशवीत. तळाला कडक फोम आणि चारी कडांना फोमचीच भिंत. याला हायब्रिड म्हणतात, खालून स्प्रिंग आणि वरून फोम किंवा लॅटेक्स.

नवरा पदार्थविज्ञानाचा मास्तर. त्याने तो तुकडा हातात घेतला तो सोडेचना. एका स्प्रिंगवर अंगठा दाबला. ती खाली गेली, शेजारची हलली नाही. जुन्या पद्धतीच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जखडलेल्या असतात, एकीकडे बसलं की दुसरीकडचा माणूस उचलला जातो. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत घालायची युक्ती जेम्स मार्शल नावाच्या माणसाची, विसाव्या शतकाच्या तोंडावरची. लॅटेक्सशी जोडलेलं एक नाव आम्हा सगळ्यांच्या घरात आधीपासूनच आहे, फक्त ओळख नाही: १९२९ च्या सुमाराला डनलॉप कंपनीत रबराचा चीक घुसळून त्याचा फेस गोठवला, आणि पुढे फोमच्या कुठल्याही गादीला आपल्याकडे डनलॉपची गादी म्हणायची रीत पडली. आमच्या आत्या रेल्वेच्या बर्थलाही डनलॉपच म्हणायच्या. लॅटेक्स दाबलं की लगेच वर येतं, ऊब-थंडीने फारसं बदलत नाही. नागपूरसाठी मला याचंच मोल वाटलं. मेमरी फोमचा थर असलेली कुठलीही गादी दाखवू नकोस, असं मी त्या मुलाला तिथेच सांगून टाकलं.

"मॅडम, झोपून बघा," तो म्हणाला.

मी गादीच्या कडेला बसले आणि तळव्याने दाबून पाहिलं. आपल्याकडे बायका गादी अशीच बघतात. दुकानात चार लोक असताना, साडीत, चप्पल काढून आडवं व्हायचं? आजूबाजूला पाहिलं तर दुसऱ्या एक बाईही तळव्यानेच दाबत होत्या. पण तळव्याला काय कळणार? माझा खांदा तळव्यात नाही. मी पर्स नवऱ्याकडे दिली, पदर खोचला आणि डाव्या कुशीवर झोपले. पंधरा मिनिटं. पहिली दोन मिनिटं नुसती लाज. पाचव्या मिनिटाला अंग सैलावलं. दहाव्या मिनिटाला खांद्याने बोलायला सुरुवात केली: इथे टोचतंय.

ती गादी 'मीडियम फर्म', म्हणजे मध्यम कठीण होती. नवरा तिच्यावर उताणा झोपला आणि म्हणाला, "मस्त आहे, पण जरा मऊ वाटते." एकच गादी मला टोचत होती आणि त्याला मऊ लागत होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यानेच उलगडा केला. त्याच्या ब्याण्णव किलोंनी वरचे दोन इंच पार दाबले जातात आणि तो थेट स्प्रिंगांवर जाऊन टेकतो. माझे छप्पन किलो वरच्या थरातच अडकतात, खालच्या स्प्रिंगा मला भेटतच नाहीत. म्हणजे लेबलवर काहीही छापलेलं असो, गादी मऊ की कठीण हे झोपणाऱ्याच्या वजनावाचून ठरतच नाही. 'ऑर्थोपेडिक' या शब्दाचंही तसंच. मला त्या दुकानात सहा गाद्यांवर तो शब्द दिसला आणि सहाही हाताला वेगवेगळ्या लागल्या. दुखऱ्या कंबरेची माणसं त्या एका शब्दावर विश्वास टाकून हजारो रुपये मोजतात, याचा मला खरोखर राग येतो.

आम्ही तासभर तिथे होतो. त्या मुलाने एक साधी तपासणी शिकवली, ती मी आता भेटेल त्याला सांगते. उताणं झोपायचं आणि कंबरेखालच्या पोकळीत हात सरकवायचा. हात सहज आरपार गेला, मध्ये जागा उरली, तर गादी जास्त कठीण. हात शिरतच नसेल तर जास्त मऊ. अंगाला लागून, थोडा दाब घेत सरकला तर ठीक. कुशीवर झोपणाऱ्याने मागून फोटो काढून घ्यायचा. नवऱ्याने माझे चार गाद्यांवर फोटो काढले. तीन फोटोंत ब्लाउजच्या मागची शिवण वाकडी होती. चौथ्यात मानेपासून कंबरेपर्यंत सरळ, आडव्या ओळीसारखी. चौथी गादी मऊ वर्गातली होती, वर दोन इंच लॅटेक्स असलेली. नवऱ्याला मात्र तीच गादी नकोशी झाली. त्याची कंबर तिच्यात खाली जात होती.

"मग मधली घेऊ या," नवरा म्हणाला. "दोघांनाही थोडी थोडी चालेल अशी."

मी नाही म्हटलं. आजवर घरात जे काही मधलं घेतलं, ते मी कधी नाकारलं नव्हतं. पण दोघांनाही थोडं थोडं दुखेल अशी वस्तू दहा वर्षांसाठी कशाला आणायची? आमचा पलंग सहा बाय साडेसहाचा. म्हणजे बहात्तर इंच बाय अठ्ठ्याहत्तर. त्यावर छत्तीस इंची दोन गाद्या शेजारी शेजारी बसतात. एकीत वर दोन इंच मऊ लॅटेक्स, दुसरीत पाऊण इंच आणि खाली जाड तारेच्या स्प्रिंगा. उंची दोघींची सारखी, आठ इंच, नाहीतर मध्ये पायरी पडली असती. मुलगा म्हणाला, लोक असं घेत नाहीत, नवरा-बायकोत फट नको म्हणतात. मी म्हटलं, फटीचं आम्ही बघू.

फट आहेच, खोटं का सांगू. हायब्रिडच्या कडा घट्ट असतात, त्यामुळे दोन कडा जिथे भेटतात तिथे बोटभर कडक कणा लागतो. त्यावर आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आडवी अंथरली आणि वरून एकच मोठी चादर घट्ट खोचली. आता हाताला कळतं, पाठीला कळत नाही. पलंगाच्या प्लायला सुताराकडून बोटाएवढी भोकं पाडून घेतली, कूलरचा दमटपणा खाली कोंडू नये म्हणून. ही गादी उन्हात टाकता येत नाही, उलटताही येत नाही, कारण मऊ थर एकाच अंगाला असतो. तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवायची, एवढंच. पहिले तीन आठवडे नवी गादी मलाही परकी वाटली आणि खांदा लगेच थांबला नाही. महिना सरता सरता एक दिवस लक्षात आलं की सकाळी वेणी घालताना डावा हात वर गेला आणि मी थांबले नव्हते. नवऱ्याचं उठतानाचं "आई गं" अजून ऐकू येतं, पण रोज नाही.

लेकीच्या खोलीचं एका फोनवर उरकलं. पालथी झोपते तर सगळ्यात घट्ट गादी आणि अगदी पातळ उशी. सावरीच्या कापसाची चपटी उशी यवतमाळहून आली आणि तिची मान दुखायची थांबली.

सासूबाईंचं मात्र तसं झालं नाही. आमच्या नव्या गादीवर त्यांना हौसेने बसवलं तर त्या लगेच म्हणाल्या, "मायबाई, याच्यावरून तं मले उठताच येनार नाही." पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते. त्या चार फूट दहा इंच. मी टेप आणली. खुर्चीवर बसवून गुडघ्याच्या मागच्या वळणापासून टाचेपर्यंत मोजलं: साडेपंधरा इंच. त्यांचा जुना दिवाण दहा इंचांचा, वर चार इंचांची काथ्याची गादी, झोळ पडून तीन झालेली. म्हणजे त्या आजवर तेरा इंचांवरून उठत होत्या, नव्या गुडघ्यांनी, खिडकीचा गज धरून. आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं.

त्यांच्यासाठी सहा इंची हायब्रिड घेतली. वर मऊ थर जेमतेम, आणि कडेला फोमची भिंत अशी की कडेवर बसलं तरी ढळत नाही. दुकानातल्या त्या मुलाला मी दहा-बारा वेळा गादीच्या काठावर बसून-उठून दाखवलं, शेवटी त्यानेही बसून पाहिलं. दिवाण दहा, गादी सहा, वजनाने दबली की साडेपंधराच्या आसपास.

जुन्या दिवाणाखाली एक कापसाची गादी निघाली, त्यांच्या लग्नातली, पिवळी पडलेली, दगडासारखी बसलेली. ती मी टाकू दिली नाही. आता पिंजणं यंत्रावर होतं, तात मला कुठे ऐकू येत नाही, पण इतवारीत एका दुकानात उसवून, पिंजून तिचे दोन लोड करून घेतले. एक त्या दोन गुडघ्यांमध्ये घेऊन कुशीवर झोपतात.

नवी गादी घातली त्या रात्री मी त्यांच्या खोलीत खाली सतरंजीवर झोपले होते. तीनच्या सुमाराला पलंग हलका वाजला. डोळे उघडले तर त्या काठावर बसलेल्या, दोन्ही तळवे फरशीवर टेकलेले. सवयीने हात खिडकीच्या गजाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, परत मांडीवर आला. मग त्या उभ्या राहिल्या आणि दिवा न लावता न्हाणीघराकडे गेल्या.